एक कमी शंभर
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरीवर बोलणारे होऊन गेले, नाट्यसंगीतावर बोलणारे होऊन गेले; पानिपतावर तर दोघे बोलले आणि त्या दोघांचे अखेरपर्यंत एकमत झाले नाही. अशा थोरांच्या पंगतीत गोल्फ या विषयाचे पान मांडावे, हे धाडस आमचे नव्हे, कार्यवाहांचे आहे. ‘तुम्ही शनिवारी पहाटे काठ्यांची पिशवी घेऊन कुठे जाता, ते एकदा सगळ्यांना सांगून टाका’, असे त्यांनी आम्हांला फर्मावले. शेजाऱ्यांच्या मनातील शंका दूर व्हावी, हा त्यांचा हेतू असावा. आमचा हेतू थोडा निराळा आहे. मंडळाच्या वार्तापत्रात आमच्या नावावर एक आकडा छापला गेला आहे. त्याविषयी आम्हांला काही निवेदन करावयाचे आहे, आणि ते योग्य ठिकाणी येईलच.

गोल्फ म्हटले की आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढे हिंदी चित्रपटातील नायिकेचा श्रीमंत बाप उभा राहतो. आमच्याही डोळ्यांपुढे तोच होता. आम्ही वाढलो विटीदांडूवर. बालपणी वकट, लेंड, मुंड म्हणत आम्ही जे मोजले ते तेलुगू आकड्यांचे अपभ्रंश आहेत, हे आम्हांला बी. ए. झाल्यावर कळले, तोवर तो शुद्ध मराठी मंत्रच आहे अशी आमची श्रद्धा होती. त्यानंतरची तीस वर्षे केंद्र सरकारच्या सेवेत, त्यातली बरीचशी लेखापरीक्षेच्या कामात गेली. दुसऱ्याने लिहिलेले आकडे तपासणे आणि समासात शेरे मारणे हा आमचा व्यवसाय. पन्नाशी उलटल्यावर एका नियमित तपासणीत आमच्याच रक्तातील साखरेवर वैद्यकीय शेरा आला. डॉक्टर म्हणाले, ‘चाला.’ आम्ही चार दिवस चाललो आणि पाचव्या दिवशी वर्तमानपत्र घेऊन गच्चीत बसलो. तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, ‘अहो, तुम्हांला नुसते चालता येत नाही. फाईल कुठेतरी पोहोचवायची असली तरच तुम्ही चालता.’ हे निदान डॉक्टरांपेक्षा अचूक होते. गोल्फ म्हणजे एक लहानशी फाईल अठरा खात्यांत पोहोचविण्याचा खेळ होय, आणि तीत आठ-दहा किलोमीटर चालणे आपोआप होते. निवृत्त झालेल्या एका सहकाऱ्यांनी आपली जुनी काठ्यांची पिशवी आम्हांला पडत्या भावात दिली आणि आम्ही लाडो सरायची वाट धरली.

दिल्लीत राहणाऱ्यांनाही हे मैदान ठाऊक असतेच असे नाही. मेहरौलीकडे जाताना, जुन्या किल्ला राय पिथोराच्या भग्न तटबंदीच्या परिसरात, दिल्ली विकास प्राधिकरणाचे कुतुब गोल्फ मैदान आहे. २००० साली ते खुले झाले आणि देशातील पहिले सार्वजनिक गोल्फ मैदान म्हणून त्याची ओळख करून दिली जाते. याच प्राधिकरणाचे दुसरे मैदान उत्तरेकडे भलस्वा येथे तलावाच्या काठी आहे. सार्वजनिक म्हणजे काय, तर येथे सभासदत्वाची अट नाही. शुल्क भरावे, वेळ ठरवून घ्यावी, कॉलरचा सदरा आणि योग्य पादत्राणे घालून यावे, एवढे पुरते. शहराच्या मध्यभागी दिल्ली गोल्फ क्लब आहे. त्याच्या हिरवळीत लाल बंगला नावाची मोगलकालीन कबर आणि इतर जुनी थडगी उभी आहेत. तेथे सभासद होण्यासाठी अर्ज करून माणसे दशकानुदशके वाट पाहतात. सरकारी सेवेत आम्ही प्रतीक्षायाद्या पुष्कळ पाहिल्या, घराच्या आणि बढतीच्याही. पण बापाने अर्ज करावा आणि मुलाच्या केसांत पांढरे दिसू लागेपर्यंत थांबावे, अशी यादी आम्हांला येथेच प्रथम कळली.

या खेळाची पहिली वसाहत आपल्याकडे कलकत्त्यात झाली. १८२९ मध्ये स्थापन झालेला रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब हा ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब होय. मुंबईत १८४२ मध्ये क्लब निघाला. साहेब गेला, क्लब राहिले, आणि क्लबाचे दारही राहिले. त्यामुळे गोल्फ हा मूळचाच दाराआडचा खेळ, असा आपला समज झाला. इतिहास मात्र अगदी उलट सांगतो, आणि तो इतका सुरस आहे की आम्ही गोल्फ खेळण्यापेक्षा त्याविषयी वाचण्यातच अधिक प्रावीण्य मिळविले आहे.

स्कॉटलंडमध्ये १४५७ साली दुसऱ्या जेम्स राजाच्या संसदेने गोल्फ आणि फुटबॉल या खेळांवर बंदी घातली. कारण असे की रयत धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूमागे धावू लागली होती, आणि इंग्रजांशी लढायला तिरंदाज कोठून आणावेत ही राजाला चिंता होती. ज्या खेळावर राजाला प्रजेविरुद्ध कायदा करावा लागला, तो खेळ मूठभर श्रीमंतांचा खासच नसणार. पुढे सेंट अँड्र्यूज या गावी, समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधल्या वाळूच्या माळावर लोक खेळत राहिले. त्या पडीक माळाला तेथे लिंक्स म्हणतात. १५५२ साली आर्चबिशप हॅमिल्टन यांनी एक सनद दिली. माळावर ससे पाळण्याची मुभा त्यांनी मिळविली खरी, परंतु गावकऱ्यांचा तेथे खेळण्याचा, गुरे चारण्याचा आणि इतर वहिवाटीचा हक्क त्याच सनदेत मान्य केला.

श्रोतेहो, त्या सशांचे प्रकरण आमच्यासारख्या कारकुनी वृत्तीच्या माणसाला फार मोहवते. १७९७ साली गावाची नगरपालिका कर्जबाजारी झाली आणि तिने तो माळ विकून टाकला. नव्या मालकांनी तेथे व्यापारासाठी ससे पाळले. सशांनी मैदानभर बिळे केली. खेळणाऱ्याचा चेंडू बिळात आणि पाय खड्ड्यात जाऊ लागला. गावकरी ससे मारू लागले, मालक न्यायालयात गेले, आणि हा तंटा वीस वर्षांहून अधिक काळ चालला. अखेर १८२१ साली जेम्स चीप नावाच्या एका गोल्फप्रेमी जमीनदाराने तो माळ विकत घेतला आणि ससे हटले. १८९४ मध्ये संसदेच्या कायद्यान्वये नगरपालिकेने तो परत मिळविला, आणि १९७४ च्या कायद्यान्वये त्याची व्यवस्था एका न्यासाकडे सोपविली गेली. २००४ पर्यंत जगाला नियम देणारा तो सुप्रसिद्ध रॉयल अँड एन्शंट क्लब तेथेच आहे. त्याची भारदस्त वास्तू पहिल्या फटक्याच्या जागेमागे उभी आहे, पण मैदान त्याच्या मालकीचे नाही. तेथे रोज खेळण्याच्या वेळांसाठी चिठ्ठ्या टाकल्या जातात आणि नाव निघाले तर क्लबाबाहेरचा माणूसही खेळू शकतो. आणि एरवी रविवारी तेथील जुने मैदान खेळासाठी बंद असते. त्या दिवशी गावकरी तेथे कुत्री घेऊन फिरतात. जो माळ गोल्फची पंढरी मानला जातो, तो आठवड्यातून एक दिवस नुसता माळ असतो, ही गोष्ट आमच्या मनाला फार भावली.

अठरा हा आकडाही त्याच गावचा. पूर्वी तेथे खेळाची फेरी बावीस होलांची होत असे. १७६४ साली काही लहान होल एकत्र करून ती अठरांची केली गेली आणि पुढे सगळ्या जगाने तो आकडा शिरोधार्य मानला. व्हिस्कीच्या बाटलीत अठरा घोट मावतात म्हणून अठरा होल, अशी एक कथा सांगितली जाते. ती सांगणारे इतिहासापेक्षा बाटलीच्या अधिक जवळचे असावेत.

खेळाचे स्वरूप थोडक्यात सांगतो. चेंडू ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड नसावा आणि त्याचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नसावा. जमिनीतील होल १०८ मिलिमीटर रुंदीचा, म्हणजे आपल्या फुलपात्राहून जरासा मोठा. पिशवीत काठ्या जास्तीत जास्त चौदा. प्रत्येक होलासाठी तीन, चार किंवा पाच फटके ही अपेक्षित मर्यादा, तिला पार म्हणतात. अठरा होलांची मिळून ती साधारणतः सत्तर ते बहात्तर होते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, म्हणजे पुढचा घोटाळा कळेल: ज्याचे फटके कमी, तो श्रेष्ठ. नवशिक्याला पुष्कळ दिवस एकशेवीस, एकशेदहा असे फटके लागतात, आणि ‘शंभराच्या आत येणे’ हे सामान्य खेळाडूचे पहिले मोठे स्वप्न असते. आमचे ते स्वप्न चार वर्षांचे होते.

विटीदांडू आणि गोल्फ यांत आम्हांला आणखी एक साम्य दिसते. विटी कोलली की ती किती दांडू गेली, हे गल्लीत ज्याचे त्यानेच मोजायचे असे, आणि भांडण झाले तर पुन्हा मोजायचे. गोल्फमध्ये भांडायलाही कोणी नसते. पंच नाही, रेषेवर उभा माणूस नाही. चेंडू झाडीत गेला की खेळाडू आणि त्याचा चेंडू यांच्याखेरीज तेथे असते ती एखादी टिटवी. आपले फटके आपणच मोजायचे. लेखापरीक्षेच्या सगळ्या शास्त्राला हा प्रकार नामंजूर आहे, हे आम्ही अधिकारवाणीने सांगतो. ज्याने खर्च केला त्यानेच तपासावे आणि त्यानेच प्रमाणपत्र द्यावे, अशी व्यवस्था कोणत्याही कार्यालयात दिसली असती तर आम्ही दोन पाने शेरा लिहिला असता.

आता त्या दिवसाकडे येतो. नोव्हेंबरातला शनिवार होता. सकाळी पावणेसातला आम्ही मैदानावर पोहोचलो. दव इतके होते की पहिल्या दोन होलांवर चेंडूमागे पाण्याची रेघ उमटत होती. धुके विरत गेले तसा कुतुबमिनार वरून खाली असा दिसू लागला, आधी माथा आणि मग कंबर. बाराव्या शतकाच्या अखेरीस कुतुबुद्दीन ऐबकाने आरंभलेला आणि इल्तुतमिशाने वर नेलेला तो सुमारे बहात्तर मीटरचा स्तंभ त्या सकाळी आमच्या फटक्यांची दिशा ठरविण्यास उपयोगी पडत होता. ‘मिनार की सीध में, साहब’, असे कॅडी सांगत असे. सुलतानांनी तो बांधला तेव्हा हा उपयोग त्यांच्या मनात नव्हता.

सार्वजनिक मैदानाची खरी गंमत अशी, की एकटा आलेला माणूस ज्यांच्याबरोबर जोडला जाईल त्यांच्याबरोबर खेळतो. त्या दिवशी आमच्या चौकडीत एक निवृत्त सुभेदार-मेजर, औषधांचे दुकान चालविणारे एक पंजाबी गृहस्थ आणि महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी होती. एकमेकांचा हुद्दा, पगार, गाव, जात यांपैकी काहीही न विचारता चार माणसे चार तास एकत्र चालली. दिल्लीत असा योग दुसरीकडे आम्हांला क्वचितच आला आहे. त्या मुलीचा फटका आम्हां तिघांपेक्षा लांब जात होता, आणि तो गेल्यावर ती एकदाही मागे वळून आमच्या तोंडाकडे पाहत नव्हती. हा तिचा दयाळूपणा होता. सुभेदार-मेजर वाळूच्या खड्ड्यातून बाहेर आल्यावर दात्याने वाळू इतकी नेटकी सारखी करीत, की पुढच्या वेळी त्याच खड्ड्यात पडणाऱ्यास संकोच वाटावा.

आणि कॅडी. पंचविशीतला मुलगा, जवळच्याच वस्तीतला. आमची पिशवी तो तीन वर्षे उचलतो आहे. त्याच्याविषयी दोन शब्द अधिक बोलण्याची अनुमती असावी. ‘सार्वजनिक’ या शब्दाचा आम्ही वर गौरव केला, पण त्या शब्दाला काठ आहेत. शुल्क भरता आले पाहिजे, काठ्या हव्यात, बूट हवेत. बागेतल्या बाकासारखे हे मैदान कोणाचेही नाही. ज्यांना मैदानाची प्रत्येक उतरण पाठ असते, ते बहुधा दुसऱ्याची पिशवी घेऊन चालत असतात. तरी याच माणसांमधून आपल्या देशाला खेळाडू मिळाले, हेही विसरता येत नाही. दिल्लीच्या मैदानावर कॅडीच्या घरात वाढलेल्या अली शेर यांनी १९९१ साली इंडियन ओपन जिंकली. त्यापूर्वी १९६५ मध्ये पी. जी. सेठी यांनी ती हौशी खेळाडू म्हणून जिंकली होती, पण भारतीय व्यावसायिकाला हा मान प्रथमच मिळाला. अली शेर यांनी १९९३ मध्ये तो पुन्हा मिळविला. कलकत्त्याच्या क्लबात हिरवळ राखणाऱ्याचे चिरंजीव शिवशंकर प्रसाद चौरासिया यांनी २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे तीच स्पर्धा जिंकली. बंगळूरच्या अदिती अशोक हिचे टोकियो ऑलिंपिकमधले पदक एका फटक्याने हुकले आणि ती चौथी आली, ते २०२१ साल तर तुम्हां सर्वांना आठवतच असेल. त्या सकाळी ज्यांना गोल्फमधले काही कळत नाही असे लाखो लोक दूरदर्शन संचासमोर बसले होते. आमच्या सौभाग्यवतीही बसल्या होत्या, आणि पहिल्यांदाच त्यांनी आम्हांला ‘पार म्हणजे काय’ असे आपण होऊन विचारले.

पहिल्या नऊ होलांना आमचे एकावन्न फटके झाले. आमच्या दृष्टीने ही अपूर्व कामगिरी होती. दहाव्या होलानंतर आम्ही बेरीज करणे सोडले, म्हणजे तोंडाने सोडले. मनातल्या मनात ती चालूच होती. चौदाव्या होलावर आमचा पहिला फटका डावीकडे झाडीत गेला. ती झाडी म्हणजे आपण जिला वेडी बाभूळ म्हणतो, ती विलायती कीकर. दिल्लीच्या पहाडी भागात सरकारी कृपेने ती एकदा लावली गेली आणि मग सरकारलाही न विचारता पसरली. चेंडू सापडला. कॅडी दहा-बारा पावलांवर होता, बाकीचे तिघे पलीकडच्या बाजूला आपापल्या चेंडूंपाशी होते. चेंडूला लागून एक वाळकी काटकी पडली होती. अशी सुटी काटकी उचलण्याची नियमाने मुभा आहे. आम्ही ती उचलली आणि चेंडू हलला. फार नाही, अर्धी वीत घरंगळला असेल.

नियम आम्हांला तोंडपाठ होता, हेच तर दुःख आहे. सुटी वस्तू उचलताना चेंडू हलला तर एक फटका दंड, आणि चेंडू पुन्हा मूळ जागी ठेवायचा, नियम १५.१. हिरव्या पटांगणावर, म्हणजे ग्रीनवर असे झाले तर दंड नाही. आम्ही वाकलो आणि चेंडू बोटांनी मूळ जागी ठेवला. नियमाचा अर्धा भाग आम्ही तंतोतंत पाळला. उरलेल्या अर्ध्याच्या बाबतीत आमच्या मनात जे टिपण तयार झाले, तसले टिपण आम्ही आमच्या हाताखालच्या माणसाला कधीही मंजूर केले नसते. चेंडू शोधताना चुकून हलला तर दंड नाही, असा नियम २०१९ पासून आहे. मग शोध संपला केव्हा? चेंडू दिसला तेव्हा, की तो आपलाच असल्याची खात्री पटली तेव्हा? आणि खात्री पटविण्यासाठी काटकी बाजूला करणे हा शोधाचाच भाग धरता येईल काय? हा सगळा युक्तिवाद आम्ही वाकलेल्या स्थितीत, तीन-चार सेकंदांत पूर्ण केला. तीस वर्षांचा अनुभव वाया जात नाही.

पुढे चेंडू झाडीबाहेर काढला, तो ग्रीनवर पोहोचला, आणि दोन हलक्या फटक्यांत तो होलात गेला. फलक भरण्याचे काम आम्ही कॅडीकडे सोपवितो. त्याने पेन्सिल काढली आणि आमच्याकडे पाहून विचारले, ‘पाँच या छह, साहब?’

एरवी तो विचारत नाही. तो स्वतः मोजतो आणि लिहितो.

आम्ही म्हणालो, ‘पाँच.’

त्याने पाच लिहिले. फेरी संपली तेव्हा दुसऱ्या नऊ होलांची बेरीज अठ्ठेचाळीस होती. एकूण नव्व्याण्णव. औषधवाल्या गृहस्थांनी आमचे हात हातात घेतले, सुभेदार-मेजरांनी चहा सांगितला. ती मुलगी ‘काँग्रॅच्युलेशन्स, अंकल’ म्हणाली. चहा अतिशय गोड होता आणि आम्ही तो डॉक्टरांचा विचार न करता प्यालो.

पुढची हकीकत या सभागृहातलीच आहे. मंडळाच्या बैठकीत आम्ही सहज, म्हणजे ठरवून सहज, तो आकडा सांगितला. आमचे उपाध्यक्ष हे जुने क्रिकेटप्रेमी. त्यांचा चेहरा खरोखरच पडला. ‘अरेरे, एका धावेने शतक हुकले!’ असे म्हणून त्यांनी आमच्या पाठीवरून हात फिरविला. कोषाध्यक्षांनी धीर दिला, ‘पुढच्या खेपेला नक्की शंभर होतील.’ आम्ही खेळाचे गणित समजावून सांगितले तेव्हा सर्वांनी आनंद व्यक्त केला आणि पुढच्या वार्तापत्रात तो आकडा चौकटीत छापून आला. ती चौकट कापून आमच्या सौभाग्यवतींनी कपाटाच्या काचेला आतून लावली आहे.

हे भाषण लिहावयास बसलो तेव्हा मनाशी असे ठरविले होते, की गोल्फच्या प्रामाणिकपणाविषयी काही उदाहरणे द्यावीत; असल्या भाषणात ती द्यावीच लागतात. १९२५ साली अमेरिकेत वूस्टर येथे राष्ट्रीय स्पर्धेत बॉबी जोन्स या थोर खेळाडूचा चेंडू गवतात किंचित हलला. तो कोणीच पाहिला नव्हता. अधिकाऱ्यांनी निर्णय त्याच्यावर सोपविला आणि त्याने स्वतःवर एक फटका दंड लावून घेतला. स्पर्धेअंती त्याची विली मॅक्फार्लेनशी बरोबरी झाली, आणि पुन्हा खेळविलेल्या सामन्यात जोन्स हरला. तो एक फटका त्याने मोजला नसता तर बरोबरी होण्याचाच प्रश्न नव्हता. दुसरे उदाहरण १९६८ चे. मास्टर्स स्पर्धेत रॉबर्टो दे विसेंझो याचे फटके लिहिणाऱ्या सहखेळाडूने सतराव्या होलावर तीनाच्या जागी चार लिहिले. ते न पाहता त्याने सही केली, आणि नियमाप्रमाणे चारच धरले गेले. हजारो लोकांनी तीन पाहिले होते, तरी कागदावर चार म्हणून चार, आणि विजेतेपद बॉब गोल्बीकडे गेले. योगायोग असा की तो त्या बिचाऱ्याचा वाढदिवस होता.

ही दोन उदाहरणे सुवाच्य अक्षरात उतरवून झाल्यावर आम्हांला पुढचे वाक्य सुचेना. दोन दिवस कागद तसाच पडून होता. तिसऱ्या दिवशी आम्ही सौभाग्यवतींना काटकीची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, ‘म्हणजे खरे किती झाले?’

‘शंभर’, आम्ही म्हणालो.

‘मग शंभर काय वाईट आहेत?’

‘वाईट नाहीत. पण ते नव्व्याण्णव नाहीत.’

‘आणि त्या मुलाला ठाऊक आहे?’

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर होते, म्हणूनच आम्ही ते दिले नाही. स्पर्धा नव्हती, बक्षीस नव्हते, कोणाचे नुकसान झाले नव्हते. हे सर्व आम्ही स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिले होते. परंतु तीन वर्षे जो आपली पिशवी वाहतो, ज्याला आपण वेळोवेळी ‘हिशेब चोख ठेवावा’ असे वडीलकीने सांगतो, त्याच्याकडून आपण एक खोटा आकडा लिहून घेतला, आणि तो लिहिण्यापूर्वी त्याने आपल्याला एक संधी दिली होती, ही गोष्ट कोणत्याही नियमाच्या पोटकलमात बसेना.

गेल्या शनिवारी आम्ही लवकर गेलो. तो काठ्या पुसत होता. आम्ही त्याला म्हटले, ‘उस दिन चौदह नंबर पर छह था. हमने पाँच लिखवाया.’ त्याने मान वर केली. ‘मालूम है, साहब’, तो म्हणाला, आणि आठव्या क्रमांकाची काठी पुसून पिशवीत ठेवीत पुढे म्हणाला, ‘आज हवा उल्टी है, एक नंबर बड़ा लेना पड़ेगा.’ त्या दिवशी आमचे एकशेसात झाले. तो आकडा तपासून घेतलेला आहे.

तेव्हा अध्यक्षमहोदय, स्मरणिकेच्या संपादकांना आमची लेखी विनंती अशी, की वार्तापत्रातील तो मजकूर सुवर्णमहोत्सवी अंकात पुन्हा घेतला जाणार असेल, तर नव्व्याण्णवच्या जागी शंभर असे छापावे. आणि उपाध्यक्षांना वेगळी विनंती, की त्यांनी कृपा करून शतकाबद्दल आमचे अभिनंदन करू नये.